असल्यास, नसल्यास

लक्ष्मीपुरीत बी-बियाण्यांच्या दुकानावर
आमदारांचं संपर्क कार्यालय :
चार खुर्च्या, एक रुसका प्रिंटर
आणि मी, ज्याला सगळे 'साहेबांचा माणूस' म्हणतात,
साहेब बाई आहेत तरीही.

नागपुरात आज अधिवेशनाचा शेवटचा दिवस.
इथं सकाळपासून फोन कानाला चिकटलेला.
रेंदाळचा साकव, यळगूडचा ट्रान्सफॉर्मर,
तालमीच्या हौद्याला तांबडी माती,
आणि कुणाच्या तरी भाच्याची बदली,
जी आम्ही करत नाही,
आणि जिच्यासाठी माणसं सगळ्यात लांबून येतात.

चंपूताई शेंडुरे हुपरीहून
पहिल्या गाडीनं येऊन जिन्यात बसलेली.
"लागला का माझा नंबर?"
चाळीस वर्षं तिनं पैंजणांच्या कड्या जोडल्या,
रिठ्याच्या पाण्यात, तेजाबाच्या वाफेत.
चांदीला चकाकी देता देता
बोटांवरच्या रेघा तिकडंच गेल्या.
रेशन दुकानातलं यंत्र तिचा अंगठा घेतं,
थोडा विचार करतं, म्हणतं, जुळत नाही.
सात महिने तांदूळ नाही.

प्रश्न दिवाळीआधी मीच टाइप केला होता,
करतात तसा :
अशी बाब शासनाच्या निदर्शनास आली आहे,
हे खरे आहे काय;
असल्यास, कोणती कार्यवाही केली
वा करण्यात येत आहे;
नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?
वाचून दाखवला तर चंपूताई म्हणाली,
"झ्याक लिवलंय.
पन ह्यात मी कुठं हाय?"

यादीत आमचा त्रेचाळिसावा.
सभागृह सातव्यावर होतं तेव्हा गोंधळ झाला,
दहा मिनिटं तहकूब,
मग अर्धा तास,
मग प्रश्नोत्तरांचा तासच संपला.
उरलेली उत्तरं पटलावर ठेवली.
दुपारी मोबाइलवर दोन ओळी आल्या :
हे खरे नाही.
प्रश्न उद्भवत नाही.

मी त्या तिला लगेच वाचून दाखवल्या नाहीत.
खाली जाऊन दोन चहा सांगून आलो.
वर टीव्हीवर राष्ट्रगीत लागलं होतं,
सभागृह उभं होतं
आणि दारात, पदर सावरून,
चंपूताईही.

सव्वासहाला बाईंचा फोन. दम लागलेला.
"सचिवांना लिफ्टपाशी गाठलं. लिफ्ट भरली होती,
म्हणून चार मजले त्यांच्याबरोबर चालत उतरले.
रजिस्टरला नोंद करून धान्य द्यायला हो म्हणालेत.
आजच्या तारखेचा अर्ज पाठव.
खाली सही, नाहीतर अंगठा."

नाहीतर अंगठा.
फोनच्या दोन्ही टोकांना आम्ही गप्प.

मग मी शाईचा पॅड पुढं केला.
चंपूताईनं जोर लावून दाबला,
यंत्रापुढं सवय झाली होती तसा.
कागदावर एक निळा गोल उमटला,
धुतलेल्या नाण्यासारखा गुळगुळीत.
"बगा! सांगत न्हवतो व्हय मी?"
ती जवळजवळ खुशीत म्हणाली.

बाई म्हणाल्या, रंगीत झेरॉक्स काढून ठेव.
पुढच्या अधिवेशनाला जोडपत्र 'अ'.
आणि सूचना द्यायची तारीख आत्ताच बघ,
मागच्या वेळी दोन दिवस उशीर झाला होता.
झाला होता. माझ्यामुळं.
ते त्यांनी पुन्हा काढलं नाही.

"मी जातो," चंपूताई म्हणाली,
आमच्याकडच्या बायका म्हणतात तसं,
"सातची गाडी गावंल."
उतरताना तिनं अंगठा जिन्याच्या भिंतीला पुसला.
तिथं आधीचे पुष्कळ आहेत,
साकववाल्यांचे, तालमीवाल्यांचे, बदलीवाल्यांचे,
सगळे रेघारेघांचे.
यंत्राला सांगायला हवं,
तिचा तेवढा लगेच ओळखू येतो.